सोनोग्राफीत लिव्हरची गाठ निघालीय? आधी तिचं नाव काढा, मग उपचाराचं बघू

पोटात जळजळतंय, गॅस होतोय म्हणून माणूस सोनोग्राफीला जातो आणि रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत "लिव्हरच्या राइट लोबमध्ये ५.८ सेमीचा एसओएल, सीटी करून घ्या" असं लिहून येतं, आणि मग घरात जे काही सुरू होतं ते सांगायलाच नको. एसओएल म्हणजे जागा अडवून बसलेलं काहीतरी, बस्स, त्यात कॅन्सरचा क पण नसतो, पण तोपर्यंत कुणीतरी गूगल केलेलं असतं, कुणीतरी मुंबईच्या भाच्याला फोन लावलेला असतो आणि सुतावरून स्वर्ग गाठून झालेला असतो.

मी लिव्हरची ऑपरेशनं होतात अशा युनिटमध्ये काम करतो आणि माझं म्हणणं एकच आहे, गाठीला नाव मिळाल्याशिवाय सुई पण नको आणि चाकू पण नको. साध्या म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींतल्या बऱ्याचशा आयुष्यभर तशाच ठेवायच्या असतात, काही मोजक्या मात्र काढाव्याच लागतात, आणि कुठली ठेवायची नि कुठली काढायची हे साइजपेक्षा नावावरून जास्त ठरतं. १० सेमीची एक गाठ निवांत सोडून देतात आणि ३ सेमीची दुसरी काढायला सांगतात, तेव्हा नातेवाईकांना वाटतं डॉक्टरांचं काहीतरी चुकतंय, पण चुकत नसतं. हे वाचून घरच्या घरी निदान करू नका, डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहितोय.

आधी एक अट. ज्यांना सिऱ्होसिस आहे, हेपॅटायटिस बी किंवा सी आहे, किंवा आधी कुठलाही कॅन्सर होऊन गेलाय, त्यांनी हे सगळं बाजूला ठेवून सरळ लिव्हरच्या डॉक्टरकडे जावं, कारण तिथे नवीन गाठ दिसली की ती कॅन्सरची नाही हे सिद्ध होईपर्यंत तीच शंका धरून चालतात. खाली जे आहे ते बाकी लिव्हर धडधाकट असलेल्या माणसाबद्दल. तुम्हाला हेपॅटायटिस आहे की नाही हे माहीतच नसेल (आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसतंच) तर एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या दोन टेस्ट पहिल्याच दिवशी करून टाका, फार खर्चाच्या नाहीत.

स्कॅनच्या आधी काय काय गोळा करायचं

जुने सोनोग्राफी रिपोर्ट शोधा. खरंच शोधा, गरोदरपणातल्या, मुतखड्याच्या, कसल्याही, कपाटातल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात. आठ वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये तीच गाठ त्याच जागी तेवढ्याच साइजची लिहिलेली असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटते, आणि हा पुरावा कुठल्याही महागड्या टेस्टपेक्षा भारी असतो. फिल्मपेक्षा सीडी जपा, कारण सीडीवर सगळ्या इमेज असतात आणि फिल्मवर निवडलेल्या थोड्याच.

मग औषधांची यादी. इथे बायका संकोचतात आणि मुलं खोटं बोलतात. पीसीओडीसाठी किंवा गर्भनिरोधक म्हणून किती वर्षं गोळ्या घेतल्या, मधे बंद केल्या का, कुठल्या घेतल्या, सगळं लिहून न्या, रिकामं पाकीट मिळालं तर ते पण न्या. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या चार दिवसांच्या गोळ्यांनी अशी गाठ होत नाही, तरी सांगून ठेवा. जिमला जाणाऱ्या पोरांनी 'सायकल' मारली असेल, म्हणजे अॅनाबॉलिक स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं, तर ते आईवडिलांना बाहेर बसवून का होईना पण डॉक्टरांना सांगायचंच. अॅप्लास्टिक अॅनिमियासाठी (म्हणजे हाडांतला मगज पुरेसं रक्त तयार करत नाही तो आजार) डॅनाझोल किंवा स्टॅनोझोलॉल ही त्याच जातीची औषधं वर्षानुवर्षं चालू असलेले पेशंटही याच यादीत येतात. आणि घरात दोन-तीन पिढ्यांत ऐन पंचविशीच्या आत डायबेटिस झालेली माणसं असतील तर ते पण सांगा, त्याचा आणि गाठीचा काय संबंध असं वाटेल पण संबंध असतो, पुढे येईल.

रक्ताच्या टेस्टकडून फार अपेक्षा ठेवू नका. या गाठींमध्ये लिव्हर फंक्शन बहुतेक वेळा नॉर्मल येतं, आणि एएफपी (लिव्हर कॅन्सरच्या शंकेत करतात ती रक्ताची टेस्ट) नॉर्मल आलं म्हणजे कॅन्सर नाहीच असंही होत नाही, ती टेस्ट फक्त वाढलेली आली तरच बोलते.

स्कॅन कुठला, आणि तो कसा करून घ्यायचा

साधा सीटी, म्हणजे इंजेक्शन न देता काढलेला, या कामाला जवळपास निरुपयोगी आहे. पैसे वाचतात म्हणून लोक तो करून येतात आणि मग परत दुसरा करावा लागतो. गाठीत रक्त कसं येतं, किती वेळ थांबतं आणि कसं निघून जातं यावरून तिचं नाव कळतं, म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन वेगवेगळ्या वेळी फोटो काढावे लागतात. ट्रिपल फेज सीटी चालतो, पण साध्या गाठीची शंका असेल आणि पेशंट तरुण असेल तर मी सरळ कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगेन, रेडिएशन नाही आणि माहिती जास्त.

त्यात पण दोन प्रकारची औषधं असतात. नेहमीचं गॅडोलिनियम किडनीवाटे निघून जातं. दुसरं असतं गॅडोक्सेटिक अॅसिड, प्रायमोव्हिस्ट नावाने ओळखतात, त्याचा साधारण अर्धा भाग लिव्हरच्या पेशी आत ओढून घेतात आणि पित्तावाटे बाहेर टाकतात. २० मिनिटांनी पुन्हा फोटो काढला की ज्या गाठीत चालू लिव्हर पेशी आहेत ती उजळ राहते आणि जिच्यात नाहीत ती काळी दिसते. हे औषध महाग आहे, प्रत्येक सेंटरला असतंच असं नाही, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा की लिव्हरचं स्पेशल कॉन्ट्रास्ट देता का आणि २० मिनिटांचा फेज घेता का. चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय अॅब्डोमेन" लिहिलेलं असेल तर नेहमीच्या औषधावर भागवतील, त्यांची चूक नाही, चिठ्ठीत जे लिहिलंय तेच ते करणार.

त्या दिवशी चारेक तास उपाशी जायचं, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, ताजा रिपोर्ट बरोबर, आणि मंगळसूत्र, जोडवी, चमकी घरीच काढून ठेवायची, तिथे जाऊन साबण लावून जोडवी काढत बसायला लागतं मग. आत गेल्यावर स्पीकरमधून "श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा" असं सांगतात, १५-२० सेकंद धरायचा असतो. हे आदल्या दिवशी घरी पाच-सहा वेळा करून बघा, चेष्टा नाही, कारण गाठीचं नाव ठरवणारा सगळ्यात महत्त्वाचा फोटो इंजेक्शननंतर अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर निघतो आणि प्रायमोव्हिस्टने काही जणांना नेमका त्याच क्षणी थोडा दम लागल्यासारखं होतं, माणूस हलतो आणि फोटो बिघडतो. होतं असं आणि काही सेकंदात जातं, हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

आता नावं

सगळ्यात जास्त दिसते ती हिमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांचा गुंता. ही दुर्मिळ नाहीच, पण हिला ओळखून बाजूला काढलं की मगच दुर्मिळ गाठींकडे जाता येतं. कॉन्ट्रास्ट दिल्यावर आधी कडेकडेने ठिपके उजळतात आणि मग बांध फुटून शेतात पाणी सरकत जावं तसं औषध हळूहळू आत भरत जातं, एवढं स्पष्ट चित्र दुसऱ्या फार कमी गाठींचं असतं. त्रास नसेल तर औषध नाही, ऑपरेशन नाही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी पण नाही, गोळ्या आणि बाळंतपण दोन्हीला हरकत नाही. खूप मोठी होऊन खरंच पोटात दाबत असेल किंवा प्लेटलेट खायला लागली (कासाबाख-मेरिट म्हणतात त्याला, फार क्वचित) तरच सर्जनचं काम. एवढीच एक मेख आहे की ज्यांचं लिव्हर फॅटी आहे त्यांच्यात ती सोनोग्राफीत उलटी, म्हणजे पांढरी दिसायच्या ऐवजी काळपट दिसते आणि रिपोर्ट लिहिणारा बुचकळ्यात पडतो.

दुसरी एफएनएच, फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया, लिव्हरच्याच पेशींची एका जागी जास्तीची वाढ. मधोमध व्रणासारखी खूण, सुरुवातीला एकदम उजळणारी, आणि २० मिनिटांच्या फोटोत लिव्हरएवढीच किंवा त्याहून उजळ. ही फुटत नाही, कॅन्सरमध्ये बदलत नाही, गोळ्यांनी होत नाही, एकदा पक्कं नाव मिळालं की फाइल बंद. लहानपणी कॅन्सरची किमो झालेल्या मुलांमध्ये पुढे अशाच गाठी उगवतात, तेव्हा "परत आला" म्हणून घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते, तर तिथे प्रायमोव्हिस्ट एमआरआयचा शब्दशः आधार वाटतो.

आणि तिसरी अॅडिनोमा, ही पण लिव्हरच्याच पेशींची साधी गाठ, पण हिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

अॅडिनोमा

१९७३ साली जेनेट बॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये सात बायकांच्या केसेस छापल्या, सगळ्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, सगळ्यांच्या लिव्हरमध्ये साध्या गाठी. तिथून हा संबंध लक्षात आला. त्या काळच्या गोळ्यांत हार्मोनचा डोस जास्त असायचा, आत्ताच्या माला-डी मध्ये इथिनाइल एस्ट्रॅडिओल ३० मायक्रोग्रॅम असतं. वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांत दरवर्षी लाखात तीन-चार जणींना आणि न घेणाऱ्यांत दहा लाखांत एखादीला असा जुना हिशेब सांगतात, म्हणजे गोळ्या घेणाऱ्यांनी धास्ती घ्यावी असं काही नाही, फार फार कमी जणींना होतो. वजन जास्त असणं हे आता तेवढंच मोठं कारण धरतात, आणि दोन्ही एकत्र असतील तर अजून वाईट.

अॅडिनोमाला दोन खोडी असतात. एक, फुटून रक्तस्राव होऊ शकतो, मुख्यतः ५ सेमीच्या वर गेल्यावर. दोन, थोड्या लोकांत, साधारण ४-५ टक्के, तो कॅन्सरमध्ये बदलतो. आणि इथेच सगळे अॅडिनोमा सारखे नसतात ही गोष्ट येते. फ्रान्समधल्या बोर्दो आणि पॅरिसच्या मंडळींनी २००६ पासून जनुकांवरून त्यांचे गट पाडले. एका गटात एचएनएफ१ए नावाचं जनुक बंद पडलेलं असतं, गाठीत चरबी भरलेली असते आणि एमआरआयच्या एका ठरावीक फोटोत ती चरबी लगेच पकडता येते, हा गट बराच शांत असतो. (हेच जनुक जन्मतः बिघडलेलं असेल तर घराण्यात कमी वयातला डायबेटिस येतो, मोडी म्हणतात, म्हणून वर ते विचारलं होतं.) दुसरा इन्फ्लमेटरी, सगळ्यात जास्त सापडणारा, वजनदार बायकांत जास्त, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) वाढलेला असू शकतो, आणि हा रक्तस्रावाच्या बाबतीत भरवशाचा नाही. तिसरा बीटा-कॅटेनिन बिघडलेला, संख्येने कमी पण कॅन्सरमध्ये बदलायचा धोका मुख्यतः याच्यात, आणि पुरुषांमध्ये हा जास्त निघतो.

आता समजा चौतीस वर्षांची बाई आहे, पीसीओडीसाठी सात-आठ वर्षं गोळ्या चालू, वजन ८२ किलो, एमआरआयमध्ये ५.८ सेमीचा अॅडिनोमा, इन्फ्लमेटरीसारखा दिसतोय. काय करायचं? ऑपरेशनची तारीख घ्यायची नाही, आधी गोळ्या बंद. आजच. अर्ध्या पाकिटावर बंद केल्या तर पाळी चार-आठ दिवस मागेपुढे होईल, होऊ दे, आणि त्या महिन्यात दुसरी काळजी घ्यायची. गर्भनिरोधक हवंच असेल तर कॉपर-टी आहे, निरोध आहे, कुटुंब पूर्ण असेल तर नवऱ्याची नसबंदी पण आहे, हा विषय काढला की नवरे खिडकीबाहेर बघायला लागतात पण पर्याय म्हणून तो चांगलाच आहे. पीसीओडीसाठी गायनॅककडून हार्मोन नसलेला उपचार लिहून घ्यायचा. आणि वजन. हे सांगितलं की लोकांना वाटतं डॉक्टर सगळ्यांना हेच सांगतात, पण इथे वजन उतरल्यावर गाठ खरोखर आक्रसू शकते. सहा महिन्यांनी परत तोच एमआरआय, शक्य तर त्याच सेंटरला, म्हणजे सेंमीचा हिशेब एकाच फूटपट्टीने होतो. ५ सेमीच्या खाली आला तर नजर ठेवायची, आधी वर्षातून एकदा, पुढे आणखी लांबवता येतं, पाळी गेल्यानंतर बहुतेक वेळा तो आपसूक लहान होतो. ५ च्या वरच राहिला किंवा व्यास २० टक्क्यांहून वाढला तर मग ऑपरेशन. युरोपातल्या लिव्हर तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ ला हीच पद्धत लिहून दिलीय.

पुरुषाला अॅडिनोमा निघाला तर हे सहा महिने वगैरे काही नाही, साइज कितीही असो, काढायचा. बायोप्सीत बीटा-कॅटेनिनवाला निघाला तर बाईचा पण काढायचा. जिमवाल्या मुलाने स्टेरॉइड बंद केल्यावर गाठ लहान होऊ शकते, पण त्या भरवशावर त्याला घरी बसवणं मला पटत नाही. दहा किंवा जास्त अॅडिनोमा असतील तर अॅडिनोमॅटोसिस म्हणतात, ऐकायला भयंकर वाटतं, पण निर्णय सगळ्यात मोठ्या गाठीवरूनच घेतात, सगळं लिव्हर काढायची वेळ क्वचित येते. लहान मुलांत ग्लायकोजेन स्टोरेजचा आजार (साखरेचा साठा लिव्हरमध्ये अडकून राहतो तो जन्मजात आजार) असेल तर तिथे अॅडिनोमा येऊ शकतात हे बालरोगवाल्यांना माहीत असतं, तिथे मूळ आजाराचं पथ्य नीट पाळणं हाच उपचाराचा मोठा भाग.

गरोदर राहायचंय आणि अॅडिनोमा ५ च्या वर आहे, तर आधी त्याचा निकाल लावायचा आणि मग बाळाचं बघायचं. ५ च्या खाली असेल तर दिवस राहायला हरकत नाही, फक्त गरोदरपणात दर ६ ते १२ आठवड्यांनी सोनोग्राफी, गाठ वाढत नाही ना बघायला.

फुटला तर

उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात अचानक जोरात कळ, मग घाम, चक्कर, चेहरा पांढराफटक, नाडी भरभर. अॅडिनोमा माहीत असलेल्या माणसाला असं झालं तर अॅसिडिटीचं इंजेक्शन घेत बसायचं नाही, दुखायची गोळी देऊन झोपवायचं नाही, कॅथलॅब आणि ब्लड बँक दोन्ही असलेल्या हॉस्पिटलला न्यायचं. तिथे सलाइन, रक्त, कॉन्ट्रास्ट सीटी आणि मग इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मांडीच्या धमनीतून नळी घालून रक्त सांडणारी शाखा बंद करतो, एम्बोलायझेशन म्हणतात. बहुतेक वेळा त्यावर थांबतं. त्याच रात्री पोट उघडून लिव्हर कापायला घेणं हे शेवटचं, कारण त्या अवस्थेत धोका फार असतो. रक्त जिरलं की काही महिन्यांनी परत स्कॅन, गाठ उरली असेल तर निवांत ठरवून काढता येते, आणि कधीकधी उरतच नाही.

बाकीच्या दुर्मिळ मंडळींबद्दल

अँजिओमायोलायपोमा. चरबी, रक्तवाहिन्या आणि स्नायू तिन्हीची गाठ, किडनीत जास्त दिसते, लिव्हरमध्ये क्वचित. चरबी कमी असेल तर हुबेहूब लिव्हर कॅन्सरसारखी दिसते आणि तसं समजून काढली पण जाते. बायोप्सीत एचएमबी-४५ हा रंग लागला की नाव पक्कं. लहान आणि पक्की असेल तर नजर ठेवून चालतं, मोठी किंवा वाढती काढतात. अशा पेशंटच्या किडन्या पण बघून घ्यायच्या, आणि चेहऱ्यावर बारीक पुळ्या, लहानपणी फिट येणं असं काही असेल तर ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकांच्या आजाराची शंका घ्यायची.

पाण्याची गाठ, पण आत पडदे असलेली. साधी पाण्याची गाठ म्हणजे सिंपल सिस्ट, तिला काही करायचं नाही. पडदे, जाड भिंत, आत फुगवटे दिसले तर मध्यमवयीन बाईत म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम असू शकतो, २०१० पर्यंत याला बिलिअरी सिस्टअॅडिनोमा म्हणायचे, जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून तेच नाव असतं. हिच्या भिंतीत अंडाशयासारखा थर असतो म्हणून ती जवळपास बायकांनाच होते. हिच्यात सुई घालून पाणी काढलं की परत भरते, नुसतं छप्पर कापलं तरी परत भरते, आणि कॅन्सरचा धोका राहतो तो राहतोच, म्हणून पूर्ण काढायची. पण त्या आधी आपल्याकडे एक गोष्ट बघितलीच पाहिजे, हायडॅटिड. घरात मेंढ्या-कुत्री, गावाकडचं राहणं असेल तर जास्तच. ती टेपवर्मच्या अळीची गाठ असते, तिच्यात नकळत सुई गेली तर पाणी सांडून जीवघेणी अॅलर्जी येऊ शकते. म्हणून पडद्याच्या गाठीला हात लावायच्या आधी हायडॅटिडची रक्ताची टेस्ट.

इन्फ्लमेटरी स्यूडोट्युमर. ताप, वजन उतरलेलं, ईएसआर वाढलेला, आणि स्कॅनमध्ये कॅन्सरसारखी गाठ. कधी अँटिबायोटिकने, कधी स्टेरॉइडने, कधी काहीच न करता विरघळते. आयजीजी४ ही रक्ताची टेस्ट करतात. आपल्याकडे अशा चित्रात टीबी आणि लिव्हरमधला पू आधी बाद करावा लागतो, नाहीतर टीबीच्या पेशंटला स्टेरॉइड देऊन आगीतून फुफाट्यात.

फॉन मायेनबर्ग कॉम्प्लेक्स, पित्तनळ्यांच्या जन्मजात बारीक गाठी, लिव्हरभर शिंपडल्यासारख्या. सीटीत पसरलेल्या कॅन्सरसारखं दिसतं, एमआरआयमध्ये पाणी पाणी दिसतं आणि विषय संपतो. उपचार नाही.

तान्ह्या बाळांचं गणित वेगळं. अंगावर लाल मांसाचे पाच किंवा जास्त डाग (हिमॅन्जिओमा) असतील तर बाळाच्या लिव्हरची सोनोग्राफी करायची. लिव्हरभर गाठी असतील तर थायरॉइड बघायचंच, कारण या गाठी थायरॉइडचं हार्मोन खाऊन टाकतात, आणि हृदयावर ताण येतो. २००८ ला बोर्दोच्याच डॉक्टरांना प्रोप्रॅनोलॉल या साध्या बीपीच्या औषधाने असे लाल डाग आक्रसतात हे दिसलं आणि लिव्हरमधल्या गाठींना पण तेच वापरायला लागले, मात्र सुरू करताना बाळाची साखर आणि नाडी बघत, डॉक्टरांच्या देखरेखीतच. दोन वर्षांच्या आतल्या बाळात पाण्याच्या कप्प्यांची मोठी गाठ असेल तर मेझेन्कायमल हॅमार्टोमा, तो ऑपरेशनने काढतात. आणि नवजात बाळाचं एएफपी हजारांमध्ये असणं नॉर्मल असतं, लॅबच्या कागदावर मोठ्या माणसांची रेंज छापलेली असते आणि बाळाचा आकडा बघून आईबाप रडायला लागतात, तर आधी वयाप्रमाणे तक्ता बघायला सांगा.

बायोप्सी कधी, आणि पॅथॉलॉजीत काय मागायचं

हिमॅन्जिओमा आणि टिपिकल एफएनएच मध्ये बायोप्सीची गरज नाही. एमआरआय करूनही नाव ठरत नसेल आणि नावावरून पुढचा निर्णय बदलणार असेल, तेव्हाच. गाठ काढायचीच आहे हे ठरलेलं असेल तर आधी सुई कशाला? आणि एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने नुसत्या पेशी ओढणं, यात तर पैसे घालवू नका, एफएनएच, अॅडिनोमा आणि साध्या लिव्हर पेशींसारखाच दिसणारा कॅन्सर तिन्हीत लिव्हरच्याच पेशी येतात, रिपोर्ट येतो "लिव्हर सेल्स दिसल्या", मग? जाड सुईची कोअर बायोप्सी घ्यायची, सोबत गाठीबाहेरच्या चांगल्या लिव्हरचा पण एक तुकडा घ्यायला सांगायचा, तुलनेला लागतो. आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे तुकड्याला खास रंग लावून करायची तपासणी: ग्लुटामिन सिंथेटेज, एलएफएबीपी, सीआरपी किंवा एसएए, बीटा-कॅटेनिन. ग्लुटामिन सिंथेटेजचा रंग नकाशासारखा पसरला तर एफएनएच, सगळीकडे गडद बसला तर बीटा-कॅटेनिनची शंका, एलएफएबीपी गाठीत गायब असेल तर एचएनएफ१ए वाला. नुसता "बिनाइन हेपॅटोसेल्युलर लेजन", म्हणजे लिव्हर पेशींची साधी गाठ, एवढाच रिपोर्ट घेऊन घरी आलात तर काम अर्धंच झालं, ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) घेऊन मोठ्या सेंटरच्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचा.

ऑपरेशन ठरलं तर

निरोगी लिव्हर पुन्हा वाढतं, म्हणून मोठा तुकडा काढला तरी चालतं, पण या गाठींमध्ये शक्यतो गाठीपुरतंच काढतात, आणि जागा सोयीची असेल तर दुर्बिणीतून होतं. सर्जनला तीन प्रश्न विचारा: किती लिव्हर जाणार, दुर्बिणीतून होणार की पोट उघडून, आणि मी काढलं नाही तर काय होईल. तिसऱ्याचं उत्तर देताना डॉक्टर अडखळला तर दुसरं मत घ्यायला संकोच नको, रागावणारे डॉक्टर असतात पण गाठ तुमची आहे. पोटदुखीसाठी म्हणून काढत असाल तर आधी एंडोस्कोपी करून घ्या आणि पित्ताशयात खडे नाहीत ना बघा, कारण लिव्हरच्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीव नसते, ताण येतो तो वरच्या आवरणाला, आणि गाठ काढूनही तेच दुखत राहिलेले पेशंट आम्ही बघतो.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत हे बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारा, अॅडमिट झाल्यावर नाही, मंजुरी आधी लागते. मेडिक्लेम असेल तर डिस्चार्ज समरीवर गाठीचं पूर्ण नाव आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नंबर आहे ना बघा, नुसतं "लिव्हर ट्युमर" लिहिलं तर पुढच्या वर्षी पॉलिसी रिन्यू करताना तुम्हालाच खुलासे देत बसावं लागतं. घरी जाताना स्लाइड आणि ब्लॉक कुठे ठेवलेत, किती वर्षं ठेवणार ते विचारून घ्या, आणि पुढच्या एमआरआयची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, सीडी पण त्याच फाइलमध्ये.